शेत एकाला, बोट बाकीच्यांना

१८४१च्या जनगणनेत आयर्लंड बेटावर ८१ लाख ७५ हजार माणसं मोजली गेली. त्या साली इंग्लंड आणि वेल्सची मिळून लोकसंख्या १ कोटी ५९ लाखांच्या आसपास होती, म्हणजे आयर्लंडच्या जेमतेम दुप्पट. आज इंग्लंड-वेल्स सहा कोटींच्या घरात आहे आणि आयर्लंडचे दोन्ही भाग मिळून सत्तर लाखांच्या थोडे पुढे. १८४१पेक्षा आज कमी माणसं असलेला असा दुसरा देश युरोपात शोधून सापडत नाही.

कारण विचारलं तर बहुतेक जण दुष्काळाकडे बोट दाखवतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. १८४५मध्ये बटाट्यावर आलेल्या करप्याने बेल्जियम आणि हॉलंडमधलीही शेतं नासवली. तिथेही माणसं मेली, पण ते देश काही वर्षांत सावरले. आयर्लंडचा आकडा मात्र दुष्काळ सरल्यावरही शंभराहून अधिक वर्षं घसरत राहिला.

आधी दुष्काळाबद्दल. गरीब आयरिश कुटुंब बटाटा आणि ताक यांवर जगत असे. अंगमेहनत करणारा गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई. एवढ्याशा तुकड्यात कुटुंब पोसणारं दुसरं पीक नव्हतं, म्हणून मुलाचं लग्न झालं की बाप जमिनीचा एक तुकडा त्याच्या नावे काढून देई. लग्नं लवकर होत, तुकडे लहान होत जात. १८४५ ते १८५२ या काळात सुमारे दहा लाख माणसं मेली. त्यातली बरीचशी निव्वळ उपासमारीने नव्हे, तर टायफस आणि हगवणीने मेली. साधारण तेवढीच देश सोडून गेली. धान्याची निर्यात चालूच होती. लंडनमध्ये मदतीचा कारभार पाहणारे चार्ल्स ट्रेव्हेलियन आधी हिंदुस्थानात नोकरी करून गेलेले होते आणि पुढे मद्रासचे गव्हर्नर म्हणून परत आले. बाजारात हात घालायचा नाही, या तत्त्वाला ते चिकटून राहिले. १८४७च्या कायद्याने तर पाव एकराहून अधिक जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत नाकारली. पोटाला हवं असेल तर जमीन सोड, असा त्याचा अर्थ होता. हजारो कुटुंबांनी ती सोडली. रोगाने पीक नेलं आणि कायद्याने घरं नेली. या दोन गोष्टींची जबाबदारी एकच मानता येत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

वाचलेल्यांनी जो धडा घेतला, त्यातून पुढचं शतक घडलं. शेत पुन्हा फोडायचं नाही. ते एकाच मुलाला जाईल. एका मुलीसाठी हुंड्याची सोय होईल. बाकीच्यांना बोट. सोयरीक दोन्हीकडचे वडीलधारे जुळवत. गुरं किती, जमीन कशी, यावर घासाघीस होई. सुनेने आणलेल्या पैशातून पुष्कळदा नणंदेचा हुंडा दिला जाई. म्हाताऱ्याने शेताचा ताबा सोडेपर्यंत वारसाला लग्न करता येत नसे आणि म्हातारा तो सहसा लवकर सोडत नसे. १९३०च्या दशकात क्लेअर परगण्यात राहून अभ्यास करणाऱ्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांना आढळलं, की बापाच्या हाताखाली राबणाऱ्या पंचेचाळिशीच्या अविवाहित माणसाला गावात अजून ‘पोरगा’च म्हणतात. १९११मध्ये पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रीपुरुषांपैकी जवळजवळ चौथा भाग बिनलग्नाचा होता. ज्यांची लग्नं झाली, त्यांच्या घरी मात्र सरासरी पाच-सहा मुलं होती. म्हणजे पाळणे हलत होते, फक्त त्यातली बरीच मुलं वाढून बॉस्टन, लिव्हरपूल, न्यूयॉर्कला जात होती.

या स्थलांतरातली एक बाब फारशी बोलली जात नाही. इतर युरोपीय देशांतून मुख्यतः पुरुष किंवा अख्खी कुटुंबं गेली. आयर्लंडमधून एकट्या, अविवाहित मुली मुलांच्या बरोबरीने गेल्या. गावात हुंडा नाही तर लग्न नाही, आणि लग्न नाही तर भावाच्या घरात बिनपगारी राबणं. अमेरिकेत घरकामाचा रोख पगार होता. त्यातून त्या धाकट्या बहिणीचं तिकीट पाठवत. जाणाऱ्यासाठी आदल्या रात्री सगळा गाव जमे, गाणी-नाच होई, मधेच रडारड होई. मयताजवळ जागतात तशीच ही जागरणाची रात्र, आणि तिला नावही तेच होतं. कारण परत येणारे थोडेच असत. १८९०च्या सुमारास आयर्लंडमध्ये जन्मलेल्या दर पाचांपैकी दोघं देशाबाहेर होती.

आज प्रजासत्ताक असलेल्या भागाला स्वातंत्र्य मिळालं, उत्तर भाग ब्रिटनकडेच राहिला, तरी हे थांबलं नाही. नव्या राज्यात कॅथलिक चर्चचा शब्द कायद्याइतका वजनदार झाला. १९३५मध्ये गर्भनिरोधकांच्या विक्रीवर बंदी आली, १९३७च्या घटनेने घटस्फोट बंद केला. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या मुलींना चर्चच्या आश्रमांत कोंडलं गेलं, त्यांची मुलं काढून घेतली गेली. ज्या समाजाने लाखो तरुणांना लग्नाची वाट बंद केली, त्यानेच त्यांच्या देहावर इतका कडक पहारा बसवला. मला या इतिहासातलं हे सर्वांत मोठं क्रौर्य वाटतं. १९५०च्या दशकात चार लाख माणसं गेली आणि १९६१मध्ये प्रजासत्ताकाची लोकसंख्या २८ लाख १८ हजारांच्या तळाला पोचली.

मग दिशा बदलली. टी. के. व्हिटेकर या सनदी अधिकाऱ्याचा १९५८चा आर्थिक आराखडा, शॉन लेमास यांचं सरकार, परदेशी कारखाने, १९६७पासून मोफत माध्यमिक शिक्षण. १९७३मध्ये देश युरोपीय समुदायात गेला आणि त्याच वर्षी लग्न झालेल्या बाईने सरकारी नोकरी सोडायचा नियम रद्द झाला. त्याआधी, मे १९७१मध्ये, डब्लिनच्या काही स्त्रिया आगगाडीने उत्तरेतल्या बेलफास्टला गेल्या आणि बंदी असलेली गर्भनिरोधकं घेऊन उघडपणे परतल्या. घटस्फोटाचा कौल १९९५मध्ये अवघ्या ९,११४ मतांनी मंजूर झाला. २०१२मध्ये बेळगावच्या सविता हलप्पनवार गॉलवेच्या रुग्णालयात वारल्या. गर्भ वाचणार नाही हे ठाऊक असूनही त्यांनी मागितलेला गर्भपात त्यांना नाकारला गेला होता. २०१८च्या सार्वमतात ६६ टक्क्यांनी गर्भपातावरचा घटनात्मक निर्बंध काढून टाकला. सविताचं नाव त्या प्रचारात जागोजागी होतं.

दरम्यान बोटी उलट्या दिशेने येऊ लागल्या होत्या. २००४नंतर पोलंडमधून लोक आले, केरळमधून परिचारिका आल्या. २०२२च्या जनगणनेत प्रजासत्ताकाने ५१ लाखांचा आकडा गाठला, त्यात दर पाचांतला एक परदेशात जन्मलेला. भारतीय नागरिक सुमारे ४५ हजार. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा लिओ वराडकर दोनदा पंतप्रधान झाला. पण ‘आयर्लंड भरलं’ अशा घोषणाही आता ऐकू येतात. २०२३मध्ये डब्लिनमध्ये दंगल झाली आणि २०२५च्या उन्हाळ्यात भारतीयांवर हल्ले झाले.

या रागामागे वंशद्वेष आहेच, पण घरांची टंचाईही आहे, आणि ती परक्यांनी आणलेली नाही. २००८मध्ये बांधकामाचा फुगा फुटला आणि त्यानंतर कित्येक वर्षं पुरेशी घरं बांधलीच गेली नाहीत. २०२२मध्ये पाच लाखांहून अधिक सज्ञान माणसं आईवडिलांच्या घरी राहत होती. वराचं सरासरी वय आता सदतिशीच्या आणि वधूचं पस्तिशीच्या पुढे गेलं आहे. भाडं परवडत नाही म्हणून शिकलेली मुलं ऑस्ट्रेलियाची वाट धरत आहेत.