लहान विमानांतील पट्टे व कड्या : दुरुस्ती कुणी करावी?

काही महिन्यांपूर्वी रेक्झिनकाम करणारे एक कारागीर बांधव आमच्या पेढीवर आले. हातात नायलॉनच्या पट्ट्याचा तुकडा होता. "शेठ, अशीच नवार मिळेल का? लहान विमानाच्या खुर्चीला लावायची आहे, मजुरी बरी आहे." रंग व वीण जुळणारा माल आमच्याकडे होता. तरीही आम्ही तो दिला नाही. त्याचे कारण आमच्या बांधवांनी जाणून घ्यावे म्हणून हा खुलासा.

सेस्ना १७२ सारख्या चार आसनी विमानात कमरेचा पट्टा माणसाला खुर्चीत धरून ठेवतो, पण छाती व डोके पुढे आदळण्यापासून वाचवतो तो खांद्याचा पट्टा. म्हणूनच अमेरिकेत १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या लहान विमानांत पुढील आसनांना तो सक्तीचा झाला. आपल्या धुळे, बारामतीकडेही वैमानिक अशाच लहान विमानांवर शिकतात.

आता हिशोब पाहा. पट्ट्याने पुढच्या दिशेने माणसाच्या वजनाच्या ९ पट ओढ सोसावी, असा या विमानांचा दंडक आहे. माणूस ७० किलोचा, तर ओढ ६३० किलोची. पट्टा सांगाड्याला जिथे जोडतो त्या कड्या-बोल्टांसाठी ती १.३३ पट धरतात, म्हणजे सुमारे ८४० किलो. बाजारातील पिशवीची नवार या कसोटीला उतरल्याचा दाखला कोण देणार?

झीज कशी ओळखावी? पट्टा उन्हाने फिका व ताठर झाला, कडेचे धागे तुटले, पृष्ठभागावर लव आली, टाका उसवला, तर पट्टा बाद समजावा. बॅटरीच्या तेजाबाने नायलॉन कुजते. ब्लीच किंवा रंगकाम कधीही करू नये; कोमट पाणी व सौम्य साबण पुरे. उसवलेल्या जागी पुन्हा शिलाई मारली की सुईची नवी भोके पडतात व पट्टा आणखी कमजोर होतो.

धातूच्या भागांत बकलाची जीभ, खटका, टोकाची कडी व बोल्ट तपासावेत. कडीचे गोल भोक लांबट झाले, तडा गेला, गंज खोल उतरला किंवा खटका ओढ बसताच सुटू लागला, तर तो भाग बदलावा. काही जुन्या विमानांत खांद्याच्या पट्ट्याची कडी कमरेच्या पट्ट्यावरील खुंटीत अडकते. तेथे झीज झाली की कडी आपोआप निसटते. कडी बोल्टावर मोकळी फिरली पाहिजे. आवळून बसवली तर ती ओढीच्या दिशेला वळत नाही, वाकडा ताण घेऊन झिजते.

आमचे वेल्डिंग व पॉलिशवाले बांधव येथे फसतात. भोक वेल्डिंगने भरले तर उष्णतेने पोलादाचा कस जातो. कडक पोलादाला साध्या कारखान्यात मुलामा चढवला तर हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होते. वस्तू नव्यासारखी चमकते, पण ऐब आत राहतो.

मग दुरुस्ती कशी व्हावी? बोल्ट, नट, पिना विमानाच्या पुस्तकात दिलेल्या क्रमांकाच्याच घ्याव्यात. नवा पट्टा शिवणे हे मान्यताप्राप्त कार्यशाळेचे काम आहे. आपल्या देशात ही मान्यता नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. तेथे कापड, दोरा व टाक्यांची संख्या ठरलेली असते आणि केलेल्या कामाची नोंद सहीनिशी राहते. हाताला कसब असलेल्या तरुणांनी अशा कार्यशाळेत नोकरी धरावी, रोजगाराचा तो सरळ रस्ता आहे.

त्या कारागीर बांधवांना आम्ही हेच सांगितले. पहिल्यांदा ते नाराज झाले. मग म्हणाले, "म्हणजे शिलाई माझी आणि जीव दुसऱ्याचा." नेमके हेच. दुसऱ्याचा जीव ही अमानत आहे. सोडलेली मजुरी अल्लाह दुसऱ्या वाटेने देईल.