उघड्या झाडांचा वसंत

आपल्या व्याख्यानमालेच्या नावातच वसंत आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली ती पुण्यात सुरू केली. या मांडवात आपण पुष्कळ विषय ऐकतो. आज ज्या ऋतूत आपण जमतो, त्या ऋतूकडेच थोडे पाहू.

वसंत म्हटला की कोवळी पालवी डोळ्यांपुढे येते. पुण्याभोवतीच्या डोंगरांत मात्र वसंताचे पहिले लेणे लाल असते. माघ-फाल्गुनात मुळशी-पानशेतच्या वाटेने जावे. काटेसावर, पांगारा, पळस यांवर पान औषधाला सापडत नाही आणि फांदी न् फांदी फुललेली असते. असे का व्हावे?

पहिले कारण पाण्याचे. आश्विनात पाऊस सरला की पुढे सात-आठ महिने जमीन सुकत जाते. पानांतून पाण्याची वाफ सतत निघून जाते, म्हणून झाड पाने टाकून हा खर्च आवरते. दुसरे कारण पाहुण्यांचे. पाने आड आली नाहीत की फूल लांबून दिसते. मधमाशीला तांबडा रंग नीट उमगत नाही. पक्ष्यांना तो चांगला दिसतो. सावरीच्या पेल्यासारख्या फुलात मकरंद मुबलक असतो. मैना, बुलबुल, कावळे तो प्यायला येतात आणि त्यांच्या डोक्याला लागलेले पराग दुसऱ्या झाडावर पोचतात. तिसरे कारण पुढच्या पावसाचे. सावरीची बोंडे उन्हाळ्यात उकलतात, कापसाबरोबर बी वाऱ्यावर उडते आणि ज्येष्ठात सरी येतात तेव्हा ते जमिनीवर हजर असते. आपल्याला उजाड वाटणारे झाड अशा रीतीने पावसाळ्याची तयारी करीत असते.

परसातही हाच प्रकार. दुपारी टुक्-टुक् असे एकसुरी ठोके ऐकू येतात, जणू कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांडे घडते आहे. हा तांबट पक्षी. तो घरटे कोरतो ते वाळक्या, मऊ पडलेल्या फांदीत. शिंपी पक्षी पानांच्या कडा कापसाने शिवतो. सातभाई पाचोळा उलथून किडे टिपतात. गावाबाहेरच्या माळावर टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. खड्यांत ती ओळखू येत नाहीत.

नेमक्या याच दिवसांत आपल्याला स्वच्छतेची हुक्की येते. वाळकी फांदी तोडली जाते, पाचोळा पेटतो, टेकडीवरच्या गवताला कोणी काडी लावतो. आपल्या लेखी तो केर असतो. तांबटाचे घर, सातभाईंचे ताट आणि टिटवीची पिल्ले त्याच केरात जातात.

आमचे म्हणणे फार मोठे नाही. घरावर किंवा रस्त्यावर पडेल अशी फांदी जरूर काढावी. बाकीच्या राहू द्याव्यात. पाचोळा न जाळता झाडाच्या आळ्यात पसरावा. ओल टिकते आणि पुढे त्याचे खत होते. सावलीत पाण्याचे एक परळ ठेवावे आणि पाणी रोज बदलावे. आणि पुढच्या फाल्गुनात एका सकाळी सावरीखाली अर्धा तास स्वस्थ बसून किती जातींचे पक्षी येतात ते मोजावे. त्यानंतर उघड्या झाडाला वठलेले म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबू.