लेखांक ९ : जिथं पोळलं, तिथंच हात

मागच्या लेखांकात दुष्काळात गाव कसं रिकामं होत जातं ते पाहिलं. आज जी माणसं मागं उरली, त्यांच्याकडे वळू.

संकटातून वाचलेला माणूस दयाळू होतो, असं आपण सहज बोलून जातो. मला ते फारसं पटत नाही. वाचलेला माणूस बहुधा कणगी झाकतो, दाराला आतून कडी लावून जेवतो आणि पुढची पंचवीस वर्षं दर पावसाळ्याआधी दाणे मोजतो. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. कोडं आहे ते त्याच गावात कणगी उघडणाऱ्या एखाद्याचं.

मराठीतलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण देहूचं. १६३०च्या सुमाराचा दुष्काळ. तुकोबांची पहिली बायको रखमाबाई अन्न अन्न करत गेली, मुलगा संतू गेला. घराण्यात महाजनकी होती, सावकारी होती. परंपरा सांगते की तुकोबांनी कर्जखतांचे दोन वाटे केले, एक धाकट्या भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. अन्नछत्र नाही, खतं! भुकेतून सुटलेल्या कुळाला पुढं व्याज मारतं, हे सावकाराच्या घरात वाढलेल्याला वेगळं शिकवावं लागलं नसणार. त्यांचा हात नेमका तिथं गेला.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य याच अंगानं वाचायला हवं. आपण त्यांना वाचतो ते धर्मांतराच्या वादातून, आणि भूक बाजूला राहते. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थं फिरणारे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात होतं नव्हतं ते संपलं, भांडीकुंडी विकली गेली. जंगलात पाल्यावर दिवस काढले. काही महिन्यांच्या अंतरानं वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. आईची तिरडी उचलायला कसेबसे दोन ब्राह्मण मिळाले. तिसरा भाऊ, चौथी रमा. ती ठेंगणी, खांद्यावर घेतलं तर तिरडी कलंडायची, म्हणून तिनं आपली बाजू डोक्यावर घेतली आणि तशीच स्मशानापर्यंत चालत गेली. सोळा-सतरा वर्षांची मुलगी.

वीस वर्षांनी, १८९६-९७ला, मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई पुण्यात शारदासदन चालवत होत्या. १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झालेला, त्यावरून पुण्यातल्या कित्येक घरांनी आपल्या मुली सदनातून काढून नेलेल्या. हाताशी पैसा नव्हता. तरी त्या निघाल्या, आणि आणल्या त्या मुली, कोवळ्या विधवा. सरकारी गरीबखान्यांत मुलींची काय गत होते, कोण त्यांना भाकरीच्या तुकड्यावर फूस लावून नेतं, हे त्यांनी पुढं उघडपणे लिहिलं. भुकेल्या बाईला पोटाइतकंच आब सांभाळायचं भय असतं, हे त्यांना रस्त्यावर कळलेलं होतं. पुढं पुण्यात प्लेग आला, शहरात एवढ्या मुली ठेवण्यावर बंधनं आली, तेव्हा केडगावच्या शेतात तंबू-झोपड्या पडल्या. तेच मुक्तिसदन. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या. आपल्याला देवानं वाचवलं ते कशासाठी, याचं उत्तर त्यांना ख्रिस्ताच्या श्रद्धेत सापडलं. ते उत्तर सगळ्यांना मानवलं नाही, आजही मानवत नाही. पण त्या मुली जगल्या.

आता आपल्या वऱ्हाडात येऊ. १८९९-१९००चा तो दुष्काळ संवत १९५६चा, म्हणून लोकांच्या तोंडी ‘छपन्या’. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ला सुमारे २८ लाख ९७ हजार होती, १९०१ला २७ लाख ५४ हजार. वाढायच्या दशकात ती १ लाख ४३ हजारांनी घटली.

घाटाखाली शेगावात गजानन महाराज प्रकटले त्याची कथा आपल्याला पाठ आहे : २३ फेब्रुवारी १८७८, देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळी, आणि त्यातली शितं वेचून खाणारा एक तरुण. भरल्या पोटी ही कथा अवलियाची लहर वाटते. पण ती पहिल्यांदा सांगणाऱ्या-ऐकणाऱ्या पिढीनं पुढं छपन्याही भोगला. शीत वेचणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. १९०८मध्ये संस्थान उभं राहिलं, आणि महाप्रसाद हा तिथल्या सेवेचा कणा झाला, याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

छपन्या पाहिलेलं आता कुणी नाही. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेले आहेत. माझी आजी घाटावरची. १९७२ला ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, सुकडी पदरात बांधून आणायची, आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकर थापायची. ती भाकर थापताना चिरते, हे तिनं मला इतक्यांदा सांगितलं की मीच थापल्यासारखं वाटतं. पुढं घरात ज्वारीची पोती लागली, तरी पहिली भाकर तव्यावरून उतरली की ती बाजूला ठेवायची. कुणासाठी, ते ठरलेलं नसे. दारी येईल त्याच्यासाठी. कुणी नाहीच आलं तर संध्याकाळी स्वतः खायची, वाळलेली. काका चिडायचे. ती म्हणायची, “दारचा मानूस उपाशी गेला त पोटातलं पचत नाही, बाप्पा.” यात ना संस्था, ना ट्रस्ट. एक भाकर.

त्या एका भाकरीचं मोठं रूप पाहायचं तर मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात जावं. शुकदास महाराजांनी १९६५मध्ये उभा केलेला विवेकानंद आश्रम. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तिथं जी महापंगत बसते ती पाहिल्याशिवाय कळत नाही. शेतात लांबच लांब रांगा, मधून ट्रॅक्टर जातात, ट्रॉलीत पुऱ्या आणि वांग्याची भाजी. बसणारा कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, कुणी पाहत नाही.

आजीला एकदा तिथं घेऊन गेलो होतो. गुडघे धरलेले, तरी ती मांडी घालून बसली. ट्रॅक्टर पुढं सरकला, तशी तिनं वाढप्याला हाक मारली. मला वाटलं, पुरी हवी असेल. तिला आपल्या पुढ्यातली एक पुरी परत द्यायची होती. “रांग लय लांब हाय,” ती म्हणाली, “तिकडं पुरंल का?” वाढपी पोरगा हसला, ट्रॉलीतल्या पुऱ्यांच्या ढिगाकडं बोट दाखवलं आणि पुढं गेला. तिनं ती पुरी पदराच्या टोकात बांधली, आणि मग जेवायला सुरुवात केली.