फुरसत कोण घडवतं? फ्रान्सच्या खेड्यांतून सायकलीवर

मंडळी, आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की या मालेत प्रवासवर्णन कुठून आलं. तर प्रवासवर्णन सांगायचं नाहीये. आपल्याला एक शब्द तपासायचा आहे. तो शब्द म्हणजे फुरसत. आणि तो हवेत तपासण्यापेक्षा एखाद्या ठोस उदाहरणावर तपासावा, म्हणून फ्रान्सच्या ग्रामीण भागातली संथ सायकल-भटकंती घेतली आहे. पाठीमागच्या कॅरिअरला दोन पिशव्या, दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर, आणि कुठेही वेळेवर पोचायची सक्ती नाही, अशी भटकंती.

आधी शब्द नीट वेगळे करून घेऊ. सुटी म्हणजे कामावर न जाण्याची परवानगी. रिकामा वेळ म्हणजे हातात काम नसणं. फुरसत या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. समोर आलेल्या गोष्टीला लागेल तेवढा वेळ देता येणं, ही फुरसत. ग्रीक भाषेत तिला 'स्खोले' म्हणत आणि 'स्कूल' हा शब्द त्यातूनच आला. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते माणूस काम करतो तेच मुळी फुरसत मिळावी म्हणून. आपण मात्र आज बरोबर उलटं धरून चाललो आहोत, की विश्रांती घ्यायची ती उद्या पुन्हा काम करता यावं म्हणून.

यावर हल्ली एक सोपं उत्तर मिळतं: वेग कमी करा, फुरसत आपोआप येईल. हे उत्तर पुरेसं आहे का?

फ्रान्सचा नकाशा बघा. मुख्य भूमीचं क्षेत्रफळ सुमारे साडेपाच लाख चौरस किलोमीटर, आणि 'कोम्यून', म्हणजे स्वतःची नगरपालिका असलेली गावं, जवळपास पस्तीस हजार. भागाकार करा. एका गावाच्या वाट्याला साधारण सोळा चौरस किलोमीटर येतात, म्हणजे सरासरी चार किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद असा तुकडा. ही सरासरी आहे, डोंगराळ भागात अंतरं वाढतात. पण हा आकार आला कुठून? 1789च्या क्रांतीनंतर बहुतेक कोम्यून जुन्या पॅरिशांवरून, म्हणजे चर्चच्या हद्दींवरून आखले गेले. आणि पॅरिशची हद्द ठरलेली होती माणसाच्या पायांनी. रविवारी चर्चला चालत जाऊन परत येता आलं पाहिजे, एवढंच तिचं माप.

म्हणून सायकल या भूमीला बरोबर बसते. ताशी पंधरा किलोमीटरने गेलं तर वीस मिनिटांच्या आत पुढचं गाव. एक मनोरा पाठीमागे दिसेनासा होतो न होतो तोच पुढचा दिसायला लागतो. 'D' अक्षराने क्रमांक दिलेले लहान जिल्हारस्ते, कडेला पिवळ्या टोपीचे पांढरे किलोमीटरचे दगड, गावात शिरताना प्रथम पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या नावांचा स्तंभ. लहानशा गावातही नावं पुष्कळ असतात आणि एकच आडनाव दोनदा-तीनदा येतं. मोटारीतून हा स्तंभ दिसतो, पण त्यावरची नावं वाचून होत नाहीत.

पण मुद्दा फक्त वेगाचा असता तर विषय इथेच संपला असता. आमच्या मते खरा मुद्दा गरजेचा आहे. मोटारीतल्या माणसाला गावाची गरज नसते. पाणी, खाणं, सावली, सगळं त्याच्याबरोबर चालतं. सायकलवाल्याला दर दोन-तीन तासांनी कशाची तरी गरज पडते. बाटली रिकामी होते. मग जुन्या सायकलवाल्यांची युक्ती उपयोगी पडते: दफनभूमी शोधायची. कबरींवरच्या फुलांसाठी तिथे बहुधा नळ असतो. फक्त 'ओ नों पोताब्ल', म्हणजे पिण्यायोग्य नाही, अशी पाटी नाही ना, हे बघायचं. भूक लागली की पावाचं दुकान. तिथे आत शिरताच आधी 'बोंजूर' म्हणायचं आणि मगच पाव मागायचा. थेट मागणी केली तर उद्धटपणा समजतात. आपल्या दृष्टीने ही मोठी अर्थपूर्ण गोष्ट आहे. आधी समोर माणूस आहे हे मान्य करायचं, व्यवहार नंतर. गरज असल्याशिवाय ही ओळख घडत नाही.

आता दुसरा प्रश्न. ही वाट सायकलवाल्यासाठी तयार केली कोणी?

कनाल द्यु मिदी हा कालवा घ्या. पिएर-पोल रिके या माणसाच्या योजनेतून 1666 ते 1681 या काळात तो खोदला गेला. तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे सुमारे 240 किलोमीटर. त्याच्या काठाची वाट ही नावा ओढणाऱ्या घोड्यांची. मालवाहतूक गेली, घोडे गेले, वाट राहिली, आणि तिच्यावर आज सायकली चालतात. काठाच्या प्रसिद्ध प्लेन वृक्षांना 2006पासून बुरशीच्या रोगाने ग्रासलंय. हजारो झाडं तोडावी लागली आणि त्यांच्या जागी दुसरी लावणं चालू आहे. सावलीसुद्धा कोणीतरी राखावी लागते, एवढं त्यातून ध्यानात घेऊ. बर्गंडीत जिव्री ते क्लूनी या बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचा 1997मध्ये 'हरित मार्ग' झाला. रूळ निघाले, रेल्वेचा सौम्य चढ तेवढा उरला. गुडघे दुखणाऱ्यांना त्याचं मोल विचारा!

मग यंत्र. सेंत-एत्येनचा पोल द व्हिव्ही हा मूळचा रेशमाचा व्यापारी. 'व्हेलोसिओ' या नावाने लिहायचा. 1887मध्ये त्याने सायकलीवरचं मासिक काढलं आणि पुढे आयुष्यभर गिअरचा पुरस्कार केला. उलट तूर द फ्रान्स ही शर्यत 1903मध्ये सुरू झाली, पण तिथे साखळी सरकवणाऱ्या गिअरला 1937पर्यंत मोकळीक नव्हती. स्नायूंची कसोटी मऊ होईल, अशी संयोजकांची धारणा. व्हेलोसिओ स्वतः काही सावकाश जाणारा नव्हता, प्रचंड अंतरं कापायचा. पण भूक लागण्याआधी खावं, तहान लागण्याआधी प्यावं आणि केवळ मिरवण्यासाठी पेडल मारू नये, हा त्याचा उपदेश. शर्यतीने शरीराची परीक्षा घेतली. सहल करणाऱ्यांनी शरीराची कदर केली.

आणि सगळ्यात महत्त्वाचा कायदा. जून 1936मध्ये लेआँ ब्लूमच्या आघाडी सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. रेल्वेच्या तिकिटात 40 टक्के सवलत आली. त्या उन्हाळ्यात सायकली आणि दोघांनी चालवायच्या टँडेम घेऊन बाहेर पडलेली तरुण जोडपी ही त्या काळाची खूणच होऊन गेली. पुढे रजेचा तिसरा आठवडा 1956मध्ये, चौथा 1969मध्ये, पाचवा 1982मध्ये आला. म्हणजे बघा, आपण ज्याला स्वभाव म्हणतो, 'फ्रेंच माणूस निवांत असतो' वगैरे, त्याच्या मागे संप आहेत, वाटाघाटी आहेत, कायदे आहेत. फुरसत ही एकट्याच्या मनाची अवस्था नाही. अनेकांनी मिळून ती घडवलेली असते.

इथे एक अडचण उभी राहते, आणि ती टाळता येणार नाही. दुपारी साडेबारा वाजता, घामाघूम होऊन, आपण गावात पोचतो आणि पावाचं दुकान बंद. तीन-साडेतीनपर्यंत उघडणार नाही. सोमवार असेल तर कदाचित दिवसभर नाही. चिडचिड होते. 'आमच्या फुरसतीत हा व्यत्यय!' पण तो पाववाला पहाटे तीन-चारपासून भट्टीपुढे उभा होता. बंद दार ही त्याची फुरसत आहे. 1906च्या कायद्याने तिथे आठवड्याची सुटी हा हक्क ठरला. ज्या परंपरेने सायकलवाल्याला पगारी रजा दिली, त्याच परंपरेने ते दार बंद केलं आहे. एक हवं आणि दुसरं नको, असं म्हणता येत नाही.

बऱ्याच गावांत आता दुकानच उरलेलं नाही. शेवटचा पाववाला निवृत्त झाला, वारस मिळाला नाही. मग नगरपालिकेच्या इमारतीशेजारी पावाचं यंत्र बसतं. नाणी टाकली की बागेत बाहेर येतो, दिवसा-रात्री कधीही. गैरसोय संपली. पण यंत्राला बोंजूर म्हणावं लागत नाही. गावातल्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीला यंत्राचा आधार आहे, हे खरं, आणि ते नसण्यापेक्षा असणं बरंच. तरीही तिची दिवसातली एक भेट कमी झाली, हेही तितकंच खरं.

मग दोन दिवसांसाठी आलेल्या सायकलवाल्याने काय करायचं? तो गाव वाचवू शकत नाही, तसा आव आणू नये. पण शहराबाहेरच्या मोठ्या सुपरमार्केटात चार दिवसांचं सामान भरून घेण्याऐवजी रोजचा पाव रोजच्या गावात घेता येतो. रात्रीचा मुक्काम गावाच्या नगरपालिकेच्या तंबूतळावर करता येतो. दुकानाच्या वेळा आधी विचारून दिवस त्यांच्याभोवती बेतता येतो. आणि दार बंद असेल तर भिंतीच्या सावलीला सायकल टेकवून थांबता येतं. थांबता येतं की नाही, हीच आपल्या फुरसतीची परीक्षा. ज्याला दुसऱ्याची विश्रांती सहन होत नाही, तो सायकलीवर असला तरी घाईतच आहे.

इथे थांबू. 'अशी फुरसत फक्त पैसेवाल्यांनाच परवडते' हा आक्षेप कोणीतरी घेणारच, आणि तो घ्यायलाच हवा. 1936 डोळ्यांपुढे ठेवून त्यावर बोलू या.