लष्करी डॉक्टरांच्या नोंदवह्या

एखाद्या गावात वर्षभरात ४० माणसे तापाने दगावली असे कळले, तर हा आकडा मोठा म्हणायचा की लहान? गावाची वस्ती ४०० असेल तर तो हाहाकारच; ४०,००० असेल तर अर्थ अगदी वेगळा. म्हणजे नुसता अंश पुरत नाही, छेदही माहीत असावा लागतो. आपल्याकडे रोगांच्या बाबतीत हा छेद नीट हाती आला तो प्रथम लष्करात.

याचे कारण साधे आहे. देशातील पहिली जनगणना १८७१-७२ च्या सुमारास झाली. त्यापूर्वी एखाद्या गावात नेमकी किती माणसे राहतात हे सांगणे अवघड होते. पलटणीत मात्र पगार वाटायचा, शिधा द्यायचा, म्हणून हजेरीपट असे. इस्पितळात कोण दाखल झाला, कोणत्या आजाराने, तो बरा झाला की मेला, हे लष्करी डॉक्टर लिहून ठेवत. हजेरीपट हा छेद आणि इस्पितळाची वही हा अंश.

या दोन वह्या शेजारी ठेवल्यावर काय दिसले? हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये ब्रिटिश सरकारने एक आयोग नेमला. त्याच्या कामामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची मेहनत होती. पाणी कुठले, सांडपाणी कुठे जाते, बराकीत दाटी किती, असे प्रश्न लष्करी ठाण्यांना छापून पाठवले गेले. १८६३ च्या अहवालात निष्कर्ष आला : गोऱ्या सैनिकांत दर वर्षी हजारी ६९ मृत्यू. इंग्लंडमध्ये त्याच वयाच्या नागरिकांत हे प्रमाण हजारी ९ च्या आसपास होते. वर्गात हे गणित जरूर करून पाहावे. दर वर्षी हजारी ६९ गेले आणि नवी भरती झाली नाही, तर १,००० जणांच्या पलटणीत दहा वर्षांनी निम्म्याहून कमी उरतात. आणि हे मृत्यू मुख्यतः लढाईतले नव्हते. ताप, हगवण, पटकी आणि यकृताचे विकार यांचे होते.

पुढे पाणी, गटारे आणि बराकी सुधारल्या. १८७३ पर्यंत हे प्रमाण हजारी १८ वर आल्याचे नाइटिंगेल यांनी लिहिले. गंमत अशी की रोग दूषित हवेने होतात, अशीच तेव्हा बहुतेकांची समजूत होती. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी ओळखला तो १८८३-८४ मध्ये. कारणमीमांसा चुकीची असूनही उपाय बराचसा लागू पडला, कारण नोंदी खऱ्या होत्या.

मात्र या वह्यांना छावणीची वेस होती. वेशीबाहेरच्या वस्तीत त्याच पटकीने किती माणसे गेली, ते त्यांत सापडत नाही. जुना दस्तऐवज वाचताना त्यात काय आहे याइतकेच, कोण नाही, हेही विचारावे.

नोंद असणे वेगळे आणि ती वेळेवर सापडणे वेगळे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८७४ मध्ये 'मायसेटोमा' या पाय कुरतडणाऱ्या रोगावर ग्रंथ लिहिला. असे लेखन दूरच्या डॉक्टरला कसे सापडावे? याचे उत्तर दुसऱ्या एका लष्कराच्या ग्रंथालयाने शोधले. अमेरिकी लष्कराच्या सर्जन जनरलच्या कार्यालयात १८३६ मध्ये पुस्तकांचा एक लहानसा संग्रह सुरू झाला होता. तो जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी डॉक्टरांनी वाढवला. १८७९ पासून जगभरच्या वैद्यकीय लेखांची मासिक सूची निघू लागली आणि १८८० पासून ग्रंथालयाची लेखक व विषयवार सूची खंडाखंडाने छापली गेली. हेच ग्रंथालय १९५६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय झाले. १९६४ मध्ये सूचीचे काम संगणकावर गेले आणि १९९७ पासून 'पबमेड' या नावाने ती सर्वांना विनामूल्य खुली आहे. मायसेटोमाला जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले ते २०१६ मध्ये. जुने लेखन शोधण्याची गरज अजून संपलेली नाही.

अशी वही प्रत्येक शाळेतही असते : हजेरीपट. माणिकपूरच्या एखाद्या शाळेत जुलैमध्ये एका वर्गात ६० पैकी ६ मुले तापाने गैरहजर आहेत आणि दुसऱ्यात ४० पैकी ५. जास्त आजारी वर्ग कोणता? पहिल्यात शेकडा १०, दुसऱ्यात १२.५. गैरहजेरीपुढे कारणही लिहायला मुलांना सांगावे, दर महिन्याचे प्रमाण काढावे आणि पाऊस, साचलेले पाणी यांच्याशी ते ताडून पाहावे. मात्र वर्ष संपल्यावर ती वही रद्दीत देऊ नये. तिच्यावर वर्ष आणि इयत्ता लिहून ती कपाटात अशा जागी ठेवावी, की दहा वर्षांनी येणाऱ्या शिक्षकाला ती सहज सापडेल.