चेंडू उचलायचा नसतो

अंबरनाथ पूर्वेहून सिडकोच्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर प्रथमच जाणारा नवशिका चेंडू उडवण्यासाठी काठी खालून वर उचलू पाहतो. वास्तविक हे काम काठीच्या पात्याचा तिरकसपणा, म्हणजे ‘लॉफ्ट’, करतो आणि सात क्रमांकाच्या लोखंडी काठीत तो सुमारे 30 अंश असतो. खाली उतरणारे पाते आदळताच चेंडू मागच्या बाजूस गरगरतो; या ‘बॅकस्पिन’मुळे त्याला हवेत उचल मिळते, तर पृष्ठभागावरील खळगे हवेचा अवरोध घटवतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर ठेवून पकड सैल राखावी, कारण आवळलेल्या मनगटांमुळे काठीचा वेग घटतो. नियमानुसार जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम वजनाच्या चेंडूला बळापेक्षा वेग अधिक मानवतो.