घरच्या गॅरेजसाठी सीएनसी मशीन घेताय? आधी ‘कापायचं काय’ ते ठरवा

रीलमध्ये छोटं सीएनसी मशीन ॲल्युमिनियमवर सुंदर अक्षरं कोरताना दिसतं आणि वाटतं, हे आपल्या गॅरेजमध्ये बसवलं की धंदा सुरू! लातूर-नांदेड रस्त्यावरच्या अहमदपूरसारख्या गावात असं वाटणं साहजिक आहे. हा सोयाबीन, तूर, हरभऱ्याचा पट्टा. ऐन हंगामात पेरणी यंत्राचा एखादा भाग तुटला, तर शेतकऱ्याला तो आजच हवा असतो.

पण चुकीचं मशीन घेतलं, तर तेच पैसे कोपऱ्यात धूळ खात पडतात. म्हणून किंमत विचारण्याआधी स्वतःला विचारा, आपण कापणार काय?

मिलिंग की लेथ?
लेथवर जॉब फिरतो, मिलिंगमध्ये टूल फिरतं. शाफ्ट, बुश, पिन ही गोल कामं लेथची. सपाट प्लेट, खाचा, मापात पाडलेली भोकं, कोरीवकाम हे मिलिंगचं. तुमच्याकडे बुश-शाफ्टचीच कामं जास्त येणार असतील, तर आधी लेथ घ्या.

तीन प्रकार
सगळ्यात स्वस्त ‘३०१८’. नावातच माप आहे, ३०० बाय १८० मिलिमीटरची कामाची जागा. लाकूड, ॲक्रिलिक, प्लास्टिक यांवर नावाच्या पाट्या, शील्ड करायला ठीक. ॲल्युमिनियमवर अगदी हलका हात. लोखंडाचं नाव काढू नका.

दुसरा प्रकार राउटर. जागा मोठी, म्हणून दाराची नक्षी, साईनबोर्ड किंवा प्लास्टिक शीटमधून पेरणी यंत्राच्या बियाणे चकत्या यांसाठी उपयोगी.

तिसरा प्रकार बिडाच्या सांगाड्याची छोटी मिल. जागा कमी, वजन जास्त, किंमतही जास्त. पण लोखंड कापायचं तर हीच.

असं का?
लोखंड कापताना टूलवर मोठा दाब येतो. सांगाडा हलका असेल तर तो थरथरतो, माप बिघडतं, टूल तुटतं. दुसरं कारण वेगाचं. हायस्पीड स्टीलचं १० मिलिमीटरचं एन्डमिल साध्या लोखंडात मिनिटाला साधारण ९५० फेऱ्यांनी चालवतात. राउटरचा स्पिंडल २४,००० फेऱ्यांपर्यंत पळतो आणि त्याची ताकद वरच्या वेगातच मिळते. तिथे लोखंड लावलं तर टूल क्षणात जळतं.

लाईटचं काय?
घरात सिंगल फेज असते. २.२ किलोवॉटपर्यंतचा स्पिंडल व्हीएफडी लावून त्यावर चालवता येतो, पण वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मध्येच लाईट गेली तर मशीन आपली जागा विसरतं. होमिंग स्विच असेल तर लाईट आल्यावर शून्य पुन्हा सापडतं. तो नसलेलं मशीन घेऊ नका.

पैसे देण्याआधी तीन चाचण्या
१. तुमचंच मटेरियल घेऊन जा. त्यात ५० मिलिमीटरचा चौकोन आणि वर्तुळ कापायला सांगा आणि वर्नियरने मोजा. वर्तुळ अंडाकृती आलं, तर बहुधा स्क्रूमध्ये ढिलाई आहे. साध्या लीड स्क्रूपेक्षा बॉल स्क्रूमध्ये ती कमी असते.
२. मशीन बंद असताना स्पिंडलला डायल गेज लावून हाताने ढकला. काटा जितका कमी हलेल तितकं बरं.
३. वाइस आणि टूल बसवल्यावर वरची उंची किती उरते ते मोजा. जाहिरातीतलं माप त्यांच्याशिवायचं असतं.

सगळे पैसे मशीनवरच घालू नका. वाइस, कोलेट, एन्डमिल, इमर्जन्सी स्टॉप आणि डोळ्यांचा चष्मा यांचा खर्च वेगळा असतो. सॉफ्टवेअरची मात्र काळजी नको, फ्रीकॅड आणि लिनक्ससीएनसी दोन्ही फुकट आहेत.

आणि हो, मशीन चालू असताना हातमोजे घालू नका. फिरतं टूल मोज्यासकट हात ओढून घेतं.